आधी बाग, मग ग्लास : मोझेलच्या खोऱ्यात वाइन चाखायला जाताना

आमची निफाड तालुक्यात ११ एकर द्राक्षबाग आहे. ९ एकर खायची द्राक्षं आणि २ एकर वाइनची, सोव्हिन्यों ब्लां. दरवर्षी तोडणीला वाइनरीची गाडी बांधावर येते, मण्यांचा रस काढून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजतात, क्रेट भरतात, काट्यावर वजन होतं आणि पावती हातात पडते. तिथे आमचा त्या द्राक्षाशी संबंध संपायचा. पुढे त्याचं काय होतं, ते तोंडात कसं लागतं, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कोणी घेणारं नाही, आणि बाईमाणसानं चव बघायची तर प्रश्नच नव्हता.

ते मला कळलं जर्मनीत. मुलगी आणि जावई बॉनला असतात. २०२२ साली मी तिच्या बाळंतपणाला गेले होते. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, इथून जवळच द्राक्षांचं खोरं आहे. तू बघायलाच हवं." आम्ही गेलो. दोन वर्षांनी आमच्या ह्यांना घेऊन सप्टेंबरात पुन्हा गेले, तेव्हा दहा दिवस राहिले. आता गावातली कोणाची ना कोणाची मुलं युरोपात आहेत, आईवडील भेटायला निघाले की आमच्याकडे येतात आणि विचारतात, काकू, तिकडच्या बागा बघायच्या तर कसं करायचं? त्यांना दरवेळी तुटक तुटक सांगते. इथे एकदा नीट लिहिते. मी मोझेल नदीचं खोरं पाहिलं, म्हणून त्याचंच सांगेन.

थोडंच बघा

एका दिवसात पाच वाइनरी दाखवणाऱ्या बसच्या सहली असतात. त्या घेऊ नका. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकते, चौथ्या ठिकाणी डोकं जड होतं, आणि घरी आल्यावर पाचही तळघरं एकसारखी आठवतात. एकच खोरं घ्या, दिवसाला दोनच घरं ठरवा, एक सकाळी अकराला आणि एक दुपारी चारला. मधल्या वेळात चाला, जेवा, नदीकाठी बसा.

मोझेल त्यासाठी फार सोयीचं आहे. ही नदी फ्रान्सच्या व्होज डोंगरात उगम पावते, लक्झेंबर्गच्या कडेनं जर्मनीत येते आणि ५४४ किलोमीटर वाहून कोब्लेंझला ऱ्हाइनला मिळते. ट्रिअर ते कोब्लेंझ या टप्प्यात ती इतकी वळणं घेते की गाव समोर दिसतं आणि रस्त्यानं पोचायला वेळ लागतो. दोन्ही तीरांवर उभ्या डोंगरउतारावर द्राक्षं. आणि बहुतेक बागा घरच्या: मागे तळघर, पुढे अंगण, आणि बाटली उघडणारा माणूस तोच ज्यानं मार्चमध्ये काडी बांधली.

गाडी चालवायची गरज नाही, आणि चालवूही नका. कोब्लेंझ ते ट्रिअर रेल्वे आहे, वाटेत कोखेम, बुलाय, विटलिश ही स्टेशनं लागतात. बुलायवरून ट्राबेन-ट्रारबाखला छोटी गाडी जाते. पण खोऱ्यातलं सगळ्यात देखणं गाव बेर्नकास्टेल-कूस, तिथे रेल्वे नाही. विटलिशला उतरून बस धरावी लागते. रविवारी बस कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जून ते ऑगस्ट ९ युरोत महिनाभर साध्या गाड्यांनी कुठेही फिरता येत होतं, त्यामुळे कोखेमच्या गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. आता तसं नाही, पण मे २०२३ पासून महिन्याचं 'डॉइचलांड-टिकेट' निघालंय. ४९ युरोला सुरू झालं, पुढे दर वाढला. त्यावर जलद आय.सी.ई., आय.सी. आणि ई.सी. गाड्या सोडून साध्या गाड्या आणि बस चालतात. मुलांकडे महिनाभर राहणार असाल तर ते काढाच.

राहायला हॉटेलपेक्षा द्राक्षवाल्याच्या घरची 'फेरियनवोनुंग' बघा, म्हणजे स्वयंपाकघरासकटची खोली. आम्ही तिथे पिठलं-भात करून खाल्ला आणि संध्याकाळी मालकांबरोबर अंगणात बसलो. दुसरं म्हणजे, वाइन चाखून जिना चढला की खोली, कुठे जायचं नाही.

कधी जायचं

जूनमध्ये वेल फुलोऱ्यात असतो. आपल्याला त्याचं काय, असं वाटेल, पण तो मंद गोडसर वास मी निफाडला ओळखते आणि तिथे तोच वास आला तेव्हा अगदी घरी आल्यासारखं वाटलं. जुलै-ऑगस्टला गर्दी. सप्टेंबरच्या सुरुवातीला बेर्नकास्टेलला मोठा वाइन महोत्सव भरतो, पण तिथे निवांत बोलायला कोणी मिळत नाही. तोडणी बघायची असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तिथल्या पांढऱ्या द्राक्षांच्या जातींत लवकर येणारी म्युलर-थुरगाऊ आधी निघते, रीसलिंग शेवटी. आपल्यासारख्या बागाईतदारांना सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे बरे, कारण घरी ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत परत येता येतं. तोडणीच्या दिवसांत लहान घरांना चाखवायला वेळ नसतो, त्यांची माणसं डोंगरावर असतात. आपणही फेब्रुवारीत पाहुणे आले तर काय म्हणतो ते आठवा.

फोन करा, मग जा

पहिल्या वेळी आम्ही न कळवता गेलो, तेही रविवारी. बाळगाडी ढकलत चढ चढलो, तीन फाटकं बंद. चौथ्या घरी बाई बाहेर आल्या, मागे जेवणाचं टेबल मांडलेलं दिसत होतं. त्यांनी नम्रपणे सांगितलं की आज घरचं जेवण आहे, उद्या फोन करून या. त्या दिवशी वाईट वाटलं. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. ते दुकान नव्हतं, घर होतं.

तर दोन-तीन दिवस आधी फोन किंवा ईमेल करा. किती माणसं, किती वाजता, कोण कोण पिणार नाही, आणि इंग्रजी चालेल का, एवढं विचारायचं. चाखण्याला ते 'वाइनप्रोबे' म्हणतात. पाच-सहा वाइनचे साधारण १० ते २५ युरो पडतात. काही घरं बाटल्या घेतल्या तर ते पैसे वळते करतात, काही मुळात घेतच नाहीत. फुकट चाखायला दिलं तर दोन-तीन बाटल्या घ्या. घरात बाटलीला ८ ते १५ युरो पडतात, फार नाही. सगळं चाखून, तास घेऊन, रिकाम्या हातानं उठू नका. आवडलं नसेल तर एकच घ्या आणि मुलांकडे ठेवून या. आणि सांगितलेल्या वेळेला पोचा. उशीर होणार असेल तर दहा मिनिटांसाठीसुद्धा कळवा.

फोन करताना आपण शेतकरी आहोत हे जरूर सांगा. दुसऱ्या वेळी मुलीनं फोनवर सांगितलं की माझे आईवडील भारतात द्राक्षं पिकवतात. समोरून एक क्षण काही आवाज नाही, मग म्हणाले, तासभर लवकर या, आधी बागेत जाऊ. ते घर कालमाँटच्या जवळ होतं. सत्तरी पार केलेल्या आजी आणि त्यांचा मुलगा, दोघंच बाग बघतात.

बागेत काय बघायचं

वाइन नाही चाखली तरी चालेल, बाग चुकवू नका. ब्रेम आणि एलर या गावांच्या मधला कालमाँट हा युरोपातल्या सगळ्यात उभ्या द्राक्षबागांपैकी एक, उतार ६५ अंशांपर्यंत जातो. मधून पायवाट आहे, काही ठिकाणी लोखंडी दोर आणि शिड्या. गुडघे दुखत असतील तर वर जाऊ नका. खालून, नदीच्या वळणावरूनही सगळं दिसतं, समोर श्टुबेनच्या मठाचे पडके अवशेष दिसतात. जायचंच तर बूट घट्ट हवेत, चप्पल नको.

तिथे ट्रॅक्टर चढत नाही. एकाच रुळावर दात असलेली छोटी गाडी चालते, तिच्यावर माणूस आणि क्रेट चढवतात. आपल्यासारखा मांडव नाही, वाय पद्धतीच्या तारा नाहीत. जुन्या बागांत प्रत्येक वेलाला एक खांब, आणि दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात त्याच खांबाला बांधलेल्या. त्यामुळे माणूस उतारावर आडवाही चालू शकतो. आमचे हे बराच वेळ ती बांधणीच बघत उभे होते.

पायाखालचा दगड हातात घ्या. तो आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड आहे. निळसर, करडा, काही ठिकाणी तांबडा, पापुद्र्यांनी सुटणारा. दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलाला परत देतो. संध्याकाळी सहाला मी एक दगड उचलला, तो तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीइतका गरम होता. आपलं नाशिक २० अक्षांशावर, मोझेल ५० वर. तिथे द्राक्ष पिकवायला ऊन कमी पडतं, म्हणून उतार दक्षिणेकडे तोंड केलेला हवा, दगड काळसर हवा आणि खाली नदी हवी. आपण उलट उन्हापासून घड झाकतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे ग्लासातला आंबटपणा समजतो: थंडीत, सावकाश पिकलेल्या द्राक्षात आम्ल टिकतं.

माझ्या डोक्यात कायम राहिलेली गोष्ट वेलाच्या झोपेची. तिथे नोव्हेंबरात पानं गळतात, वेल झोपतो, जानेवारी-फेब्रुवारीत एकदाच छाटणी. आपल्याकडे वेलाला झोप नाही. एप्रिलला काडी तयार करायची खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. हे मुलीनं आजींना समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग तुमचा वेल विश्रांती कधी घेतो? मला उत्तर देता आलं नाही.

बागेत हे विचारा: दगड कोणता, वेल किती वर्षांचा, आणि तो कलमी आहे की स्वतःच्या मुळावर. हा शेवटचा प्रश्न इथे फार महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीनं युरोपच्या बागांची मुळं खाल्ली, तेव्हापासून जगभर अमेरिकी खुंटावर कलम करायची पद्धत पडली. आपला डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच, आपण तो खारट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी लावला. मोझेलच्या पाटीच्या दगडात त्या किडीला नीट जम बसत नाही, म्हणून काही बागांत अजून जुने, बिनकलमी वेल उभे आहेत. आजींनी मांडीएवढ्या जाड खोडावर हात ठेवून सांगितलं की हा सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेला. आम्ही डावणी आणि भुरीचे फोटो फोनवर दाखवले, त्यांनी त्यांचे दाखवले. त्या दोन रोगांना भाषा लागत नाही.

चाखताना

त्या दिवशी केसाला तेल नको, अत्तर नको, गजरा नको. तंबाखू, पान, बडीशेप, लवंग काही तोंडात टाकू नका. वाइनचा अर्धा खेळ वासाचा असतो, आणि खोलीतल्या दुसऱ्या माणसालाही आपल्या तेलाचा वास येतो. पोटात मात्र काहीतरी असलं पाहिजे. आम्ही पोहे खाऊन निघायचो.

ग्लास दांडीला धरा, वरच्या वाटीला धरलं की हाताच्या उबेनं वाइन गरम होते. पांढऱ्या कागदावर धरून रंग बघा. न हलवता वास घ्या. मग टेबलावरच गोल फिरवा, पुन्हा वास घ्या, दुसरा वास पहिल्यापेक्षा मोठा येईल. चमचाभर तोंडात घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. चूळ भरल्यासारखा आवाज येतो, त्याची लाज वाटून घेऊ नका, तिथे सगळे तसंच करतात. मग गिळा किंवा समोरच्या भांड्यात थुंका. थुंकणं अपमान नाही, ते भांडं त्यासाठीच असतं. सहा वाइन ५०-५० मिलीलिटर प्याल्या तर ३०० मिलीलिटर होतात, ते एका बैठकीत पुष्कळ आहे. सवय नसलेल्यांनी थुंकावंच. मी पहिल्या दिवशी सहापैकी पाच थुंकल्या आणि मला पाचही आठवतात. शेवटी मनात मोजा, चव किती वेळ राहते. साध्या वाइनची चव पाच आकड्यांत जाते, चांगलीची वीस-तीसपर्यंत राहते.

वास कशासारखा, हे त्यांच्या पुस्तकी शब्दांत शोधू नका. वही घ्या आणि आपल्या शब्दांत लिहा. माझ्या वहीत आहे: ईडलिंबाची साल, हिरवं सफरचंद, पहिल्या पावसातली वाळकी माती, पोळ्यातला मध. एका जुन्या रीसलिंगसमोर मी बिचकत लिहिलं, रॉकेल. मुलीनं ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा आजी खूश झाल्या. जुन्या रीसलिंगला तो वास येतोच, तो दोष नाही, ओळख आहे.

क्रम कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, तिच्यापासून गोडकडे ठेवतात, तो मोडू नका. गोड आधी घेतली तर पुढची कोरडी नुसती आंबट लागते. आणि पहिली रीसलिंग आंबट लागली म्हणून ग्लास बाजूला सारू नका. कैरीचं पन्हं आठवा. कैरी चांगली आंबट असेल तर वाटीभर गूळ घातला तरी पन्हं मिट्ट होत नाही, आणि गूळच नसेल तर पिववत नाही. मोझेलच्या काबिनेट वाइनमध्ये (या शब्दाचा अर्थ पुढे सांगते) लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते, तरी ती सरबतासारखी लागत नाही, कारण खाली तेवढं आम्ल उभं असतं. मला हे कळलं तेव्हा पुढच्या ग्लासात साखर आणि आंबट वेगवेगळं जाणवायला लागलं. मधुमेह असणाऱ्यांनी याच कारणासाठी जिभेवर विसंबू नये. कोरडी मागा, आणि औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बाटलीवरची चिठ्ठी वाचायला शिका

जर्मन बाटलीवर इतकं लिहिलेलं असतं की माणूस घाबरतो. पण मराठी माणसाला एक गोष्ट लगेच समजेल. आपण पिंपळगावचा म्हणजे पिंपळगावकर म्हणतो, ते गावाच्या नावाला 'अर' लावतात. वेलेन गावची ती वेलेनर, पीसपोर्टची ती पीसपोर्टर. पुढे बागेचं नाव. 'वेलेनर झोनेनऊर' म्हणजे वेलेनची 'सूर्यघड्याळ' बाग. डोंगरात खरंच एक मोठं सूर्यघड्याळ आहे, १८४२ साली बांधलेलं, कामावरच्या माणसांना वेळ कळावी म्हणून. नदीच्या पलीकडून स्पष्ट दिसतं.

इथे एक फसगत होते. १९७१ च्या वाइन कायद्यानं अनेक गावांच्या बागा एकत्र करून मोठी नावं पाडली, आणि ती नावं एका बागेच्या नावासारखीच दिसतात. 'पीसपोर्टर गोल्डट्र्योप्फशेन' ही एक खरी उत्तम बाग. 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग' मात्र बऱ्याच गावांचं मिळून नाव. दुकानात स्वस्त दिसते ती बहुतेक दुसरी. घरच्या अंगणात विकत घेतली तर हा प्रश्न येत नाही, तरी बाटलीवर 'गुट्सआपफ्युलुंग' किंवा 'एर्झॉयगरआपफ्युलुंग' हा शब्द शोधा. ज्यांनी पिकवली त्यांनीच भरली, असा त्याचा अर्थ.

काबिनेट, श्पेटलेझे, आउस्लेझे, बेरेनआउस्लेझे हे शब्द वाइन किती गोड आहे हे सांगत नाहीत. तोडणीच्या दिवशी रसात किती साखर होती, ते सांगतात. आपल्या ब्रिक्सचं काम तिथे ओक्सले हे माप करतं. ८० ओक्सले म्हणजे साधारण १९ ब्रिक्स. हे कळल्यावर आमच्या ह्यांना सगळी पद्धत पाच मिनिटांत समजली, कारण आमच्या दोन एकरांचा भाव ब्रिक्सवरच ठरतो. आइसवाइन त्याहून निराळी. द्राक्षं वेलावरच उणे ७ अंशांच्या खाली गोठावी लागतात, मग भल्या पहाटे तोडून गोठलेलीच दाबतात, पाणी बर्फ होऊन मागे राहतं आणि मधासारखा रस निघतो. २०१९ च्या हंगामात जर्मनीत कुठेच तेवढी थंडी पडली नाही आणि ती झालीच नाही. चाखायला थेंबभर मिळाली तरी घ्या, बाटली महाग असते.

गोडी ठरवायला दोन गोष्टी बघा. 'ट्रॉकन' म्हणजे कोरडी, 'हाल्बट्रॉकन' आणि 'फाइनहेर्ब' मधल्या, 'लीब्लिश' गोडसर. काहीच लिहिलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा वाचा. रसातल्या साखरेचंच अल्कोहोल होतं, आंबवणं मध्येच थांबवलं तर साखर उरते आणि अल्कोहोल कमी राहतं. म्हणून ७.५ ते ९ टक्के असेल तर गोडी उरलेली, १२ च्या आसपास असेल तर कोरडी. आपल्या तिखट जेवणाबरोबर कोरडीपेक्षा ही थोडी गोडसर रीसलिंग जास्त जमते. भरल्या वांग्याबरोबर आम्ही तिथेच करून बघितली.

शाकाहारी, न पिणारे आणि सोबतची मुलं

वाइन गाळताना ती नितळ व्हावी म्हणून कधी अंड्याचा पांढरा, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. कडक शाकाहारी असाल तर बाटलीवर 'व्हेगान' शब्द बघा किंवा विचारा, लोक खरं सांगतात.

न पिणाऱ्यांनी बाजूला बसून राहायची गरज नाही. 'ट्राउबेनझाफ्ट' म्हणजे त्याच बागेच्या द्राक्षांचा रस, जवळजवळ प्रत्येक घरी असतो. मुलगी तेव्हा बाळाला पाजत होती, तिनं सगळीकडे तोच घेतला आणि तिला प्रत्येक घरचा रस वेगळा लागला.

खायला 'श्ट्राउसविर्टशाफ्ट' शोधा. दारावर फांद्यांचा जुडगा किंवा झाडू टांगलेला दिसतो. द्राक्षवाल्यांना वर्षात चार महिन्यांपर्यंत, ४० खुर्च्यांच्या आत, आपल्या घरची वाइन आणि साधं जेवण विकायची मुभा असते, त्याची ही खूण. पातळ रोटीसारखं फ्लामकूखन मिळतं, पण त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'ओने श्पेक' म्हणा, म्हणजे त्याशिवाय. कांद्याच्या केकमध्येही ते असू शकतं, विचारूनच घ्या. सप्टेंबरात 'फेडरवायसर' येते, अजून आंबत असलेला, ढगाळ, फसफसता रस. चवीला फार छान, पण तिचं बूच मुद्दाम सैल असतं कारण आत वायू तयार होत असतो. बाटली उभीच ठेवायची. आम्ही एक पिशवीत आडवी घातली आणि ह्यांचा स्वेटर ओला झाला. ती विमानात न्यायचीही नाही.

जर्मनीत गाडी चालवणाऱ्याला रक्तात अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रतिसहस्र आहे, २१ च्या आतल्यांना आणि नव्या लायसनवाल्यांना शून्य. सायकलीवरही कायदा लागतो, नदीकाठचा सायकलमार्ग सुंदर आहे म्हणून चाखून सायकल काढू नका.

एक दिवस वाइनशिवाय

एक दिवस ट्रिअरला द्या. तिथल्या संग्रहालयात रोमन काळातलं दगडी जहाज आहे, इ.स. २२० च्या सुमाराचं, पिंप लादलेलं आणि वल्ही मारणारी माणसं. नॉयमागेन गावात सापडलं. दोन हजार वर्षं हेच पीक या नदीवर आहे, हे ते बघून पटतं. ट्रिअरमध्येच १८१८ साली कार्ल मार्क्सचा जन्म झाला. १८४३ मध्ये वर्तमानपत्रात त्यानं मोझेलच्या द्राक्षवाल्यांच्या हलाखीवर लिहिलं होतं. जर्मन राज्यांच्या जकात संघामुळे बाहेरची वाइन स्वस्त येऊ लागली, यांचे भाव पडले आणि सरकार ऐकेना. ते ऐकताना आमच्या ह्यांनी बांगलादेशनं द्राक्षांवर वाढवलेल्या आयातशुल्काची गोष्ट काढली, आणि आम्ही दोघं बराच वेळ संग्रहालयाच्या बाकावर बसून होतो. कूसला जमलं तर संत निकोलसचं जुनं वृद्धाश्रम-रुग्णालय पाहा. निकोलस ऑफ कूसा या धर्मगुरूनं १४५८ मध्ये ३३ म्हाताऱ्या माणसांसाठी उभारलं, आणि त्याच्या खर्चासाठी द्राक्षबागा जोडून दिल्या.

घरी काय आणायचं

भारतात येताना माणशी २ लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीत तर लाल मार्गावर जाऊन सांगा, कर मोठा लागतो. मोझेलची बाटली उंच आणि हिरवी असते, मोज्यात घालून मग साडीत गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. हातातल्या सामानात चालत नाही. घरी आल्यावर आपल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवू नका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा.

बागाईतदारांसाठी एक वेगळी विनंती. काडी आणू नका. निघताना आजींनी त्या जुन्या बिनकलमी वेलाची काडी छाटून द्यायची तयारी दाखवली. ह्यांचे डोळे चमकले, मला ते कळलं. पण परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय वेलाची काडी किंवा माती भारतात आणणं बेकायदा आहे, आणि फायलोक्सेरा युरोपात पोचली ती अशाच कोणाच्या तरी हौसेच्या काड्यांतून. ह्यांनी नाही म्हटलं. त्याऐवजी फोनवर खोडाचे, सालीचे, पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे फोटो काढले. आजींनी घरातून वही आणली आणि आमच्या दोन्ही छाटण्यांचं वेळापत्रक मुलीकडून लिहून घेतलं, खरड छाटणीपासून तोडणीपर्यंत, तारखांसकट.